आजीला काय माहीत होतं? ‘पावसाळ्यातली बाळाची लाली’ या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पावसाळ्यातली बाळाची लाली’ हा लेख टाकल्यावर बऱ्याच जणींनी आपापले अनुभव लिहिले, शंका विचारल्या. सगळ्यांना जमेल तसं उत्तर दिलं. ‘एक नर्स, बार्देश’ एवढ्याच सहीने आलेल्या एका प्रतिक्रियेला मात्र दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, हवेत सतत ओल असते, त्यामुळे तान्ह्या बाळांना लंगोटाच्या जागी लाली येते. ती येऊ नये म्हणून काय करावं, आणि आलीच तर कोमट पाणी, मोकळी हवा, आवेल (घरी आटवून केलेलं खोबरेल) आणि भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) यांनी घरी कसं सांभाळावं, असा तो लेख होता.

प्रतिक्रिया जशीच्या तशी देते:

‘असले लेख वाचून आया दोन-तीन दिवस तेल चोळत बसतात आणि मग सोललेलं बाळ घेऊन आमच्याकडे येतात. जांघेच्या घडीतली लाली बहुतेक वेळा बुरशीची असते, ती तेलाने जात नाही. आजकालचे जेलवाले डायपर ओल्या कापडापेक्षा त्वचा कोरडी ठेवतात. नोकरी करणाऱ्या बाईने दिवसाचे पंधरा-वीस लंगोट कधी धुवायचे? हळद तर मुळीच लावू नये. आणि तुमच्या आजीला विज्ञान माहीत नव्हतं, हाताशी तेल होतं म्हणून ती तेल लावत होती.’

ताई, सहा वाक्यांतली पाच बाळाबद्दल आहेत, सहावं माझ्या आजीबद्दल. पाचांवर शांतपणे बोलता येतं. सहावं वाचून मला रात्री झोप लागली नाही, हे लपवत नाही.

आधी जे तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. हळद नको. लेखात एके ठिकाणी मी ‘वाटल्यास चिमूटभर हळद तेलात कालवून’ असं लिहिलं होतं. सोललेल्या कातडीवर हळद चुरचुरू शकते, एखाद्याला तिची ॲलर्जीही येते, शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली किती उरली तेच दिसत नाही. ते अर्धं वाक्य काढून टाकलं आहे.

आता सहावं वाक्य.

माझी आजी सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर राहायची. शाळेत गेलेली नव्हती, सहीच्या जागी अंगठा लावायची. पण वाड्यावर कुणी बाळंत झालं की बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं यायचं, आणि पावसाळ्यात कुणाच्या बाळाचं ढुंगण सोललं तर आधी तिला दाखवून मग पुढचं ठरायचं. लहानपणी मी तिच्या पदराला धरून फिरले आहे, आणि माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी तिच्या हाताखाली सगळं केलं आहे. म्हणून सांगते, तेल ही तिची शेवटची पायरी होती. आधीच्या पायऱ्या काय होत्या हे तुम्ही विचारलंच नाही, थेट निकाल देऊन मोकळ्या झालात.

लाली का येते? पुस्तकातलं कारण असं. ओली राहिलेली कातडी भिजून फुगते आणि कापडाच्या घासण्याने लवकर सोलवटते. त्यात सू आणि शी एकत्र आली की जिवाणू सूमधल्या युरियाचा अमोनिया करतात. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, अमोनियाने ती आम्लता मोडते, आणि मग शीमध्ये प्रथिनं व चरबी पचवणारी जी विकरं असतात त्यांना जोर चढतो. ती बाळाच्या कातडीलाच खायला लागतात. म्हणून तर जुलाब लागले की एका दिवसात जागा लालबुंद होते, उष्टावण होऊन वरचं अन्न सुरू झालं की लाली जास्त दिसते, आणि निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या मानाने कमी येते. तुम्हाला हे सगळं माहीत असणारच, तुम्ही शिकलेल्या आहात.

आता आजी काय करायची ते बघा. सूचा लंगोट एखाद वेळ पाच मिनिटं राहिला तर ती काही बोलत नसे, पण शी झाली की हातातला कोयता टाकून आधी बाळ. ‘मागीर’, म्हणजे ‘नंतर’, म्हटलेलं तिला चालत नसे. धुवायला नुसतं कोमट पाणी, साबण नाही. साबण अल्कधर्मी असतो, कातडीची उरलीसुरली आम्लता तो घालवतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. साबण लावलेलं बाळ जास्त वेळ रडतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त लाल दिसतं, एवढं तिने डोळ्यांनी बघितलं होतं. धुतल्यावर पुसायचं नाही, टिपायचं. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा नुसता ठेवायचा आणि उचलायचा. मग बाळाला मांडीवर पालथं घालून उघडं ठेवायचं आणि वारा घालायचा. कातडी पुरती कोरडी झाली की नाही हे ती बोटांच्या पाठीने बघायची, कारण तळहात कामाने रापलेले असतात, त्यांना ओल कळत नाही. आणि एवढं सगळं झाल्यावर तेल. ओल्या कातडीवर तेल लावलं तर ओल आत कोंडते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज किती शिकल्या-सवरल्या आया घाईघाईत ओल्यावरच मलम थापतात. तुम्हीही रोज बघत असाल.

लंगोटांचंही तसंच. पावसात ते न्हाणीच्या चुलीवरच्या दोरीवर वाळायचे. वाळलेला प्रत्येक लंगोट घडी करण्यापूर्वी आजी स्वतःच्या ओठांना लावायची. ओठांची कातडी पातळ, साबणाचा अंश राहिला असेल तर लगेच चुरचुर कळते. ओलसरपणा असेल तर गार लागतो. त्या परीक्षेत नापास झालेला लंगोट परत पाण्यात जायचा. तपासल्याशिवाय एकही कापड बाळाच्या अंगाला लागू न देणाऱ्या बाईला तुम्ही ‘विज्ञान माहीत नव्हतं’ म्हणता.

तेलाचंही बघू, कारण तुमचा सगळा रोख त्यावर आहे. तिच्या घरात दोन गोष्टी असायच्या. एक आवेल, म्हणजे ओल्या खोबऱ्याचा रस काढून तो मंद आचेवर आटवून केलेलं तेल. दुसरं भिरंडेल, कोकमाच्या बियांचं. सिंधुदुर्गात त्यालाच मुठेल म्हणतात. मे महिन्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सोलं (साली) वाळत घातली की बिया राहतात. त्या चोळून धुवायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या, टरफलं काढून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तेलाचा तवंग येतो, तो पळीने हलकेच काढून घ्यायचा. थंड झाला की थिजतो. तो हाताने दाबून, मुठीत वळून त्याचे पांढरट लाडू करायचे. आमच्याकडे हे लाडू पुरुषमंडळींच्या भेगाळलेल्या टाचांसाठी असायचे आणि बाळांसाठी. बाळाचा लाडू वेगळा, कापडात बांधलेला. टाचेचं बोट त्याला लागलेलं आजीला खपायचं नाही.

या दोन तेलांत मोठा फरक आहे. खोबरेल साधारण २४ अंशांना पातळ होतं, अंगाला लागलं की पसरतं आणि थोड्या वेळात उतरतं. भिरंडेलात निम्म्याच्या आसपास स्टिअरिक आम्ल असतं, ते ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या जरासं वर. त्यामुळे दोन तळव्यांत घोळून लावलं तर मऊ होतं, पण कातडीवर वाहून जात नाही, पातळ थर धरून बसतं. पुढची सू झाली तरी ती त्या थरावर होते, कातडीवर नाही. तुमच्या झिंक ऑक्साईडच्या मलमाचं किंवा पेट्रोलियम जेलीचं कामसुद्धा मुख्यतः हेच, ओल आणि कातडी यांच्यामध्ये आड उभं राहायचं. आजी गुलाबी छटा दिसली तर आवेल लावायची, कातडी सोलायच्या बेताला आली असेल तर भिरंडेल. शी सुकून चिकटली असेल तर ती खरवडायची नाही, आवेलात भिजवलेल्या कापसाने सोडवायची. ‘हाताशी तेल होतं म्हणून’ लावणारी बाई एवढा विचार करत नाही, ताई. हाताशी येईल ते उचलणारीने कोपऱ्यातली बाटली घेतली असती आणि विषय संपवला असता.

आणि काय लावायचं नाही हेही ती जाणून होती. बारशाला येणारे पावडरचे डबे ती बाळाच्या खोलीत ठेवू द्यायची नाही. ‘ही धूळ बाळाच्या नाकात जाते’, एवढंच म्हणायची, आणि घरातल्या सुना तिला मागासलेली म्हणायच्या. आज बालरोगतज्ज्ञ तेच सांगतात की टाल्कची पूड श्वासाबरोबर आत गेली तर फुप्फुसांना अपाय होतो. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभर बंद केली, ती कर्करोगाच्या खटल्यांच्या गदारोळात, ते कारण वेगळं. पण आजी ते डबे माळ्यावर टाकत होती तेव्हा ना खटले होते ना बातम्या.

तुमचं बुरशीचं वाक्य. ते बरोबर आहे आणि ते माझ्या लेखात होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही. तरीही सांगते, कारण याही बाबतीत माझ्याकडे आजीचीच साक्ष आहे.

माझ्या थोरलीला खोकल्यासाठी अँटिबायोटिक चालू होतं आणि त्या औषधाच्या शेवटाला लाली आली. मी भिरंडेल घेऊन बसले. आजीने तिला उचलून खिडकीपाशी नेलं, जांघेची घडी दोन बोटांनी उघडली आणि उजेडात बघितलं. घडीच्या आत गडद तांबडं होतं आणि त्याच्या कडेबाहेर सुटे सुटे लाल ठिपके. तिने लाडू माझ्या हातातून काढून घेतला. ‘हें तेलाचें काम न्हय, दोतोराक दाखय.’ डॉक्टरांनी बघताक्षणी बुरशी सांगितली, क्लोट्रिमॅझोलचं मलम लिहून दिलं, त्याने ती गेली. साधी लाली जिथे कापड आणि ओल थेट लागते तिथे येते, ढुंगणाच्या उंचवट्यांवर, मांड्यांवर, पोटाच्या खालच्या भागावर, आणि घड्या बऱ्याचदा वाचतात. बुरशी घडीत शिरते आणि कडेला ठिपके टाकते, अँटिबायोटिकनंतर तर तिचं फावतं. तुमच्या अभ्यासक्रमात हा फरक असेल. आजीला बुरशी हा शब्दही कदाचित या अर्थाने माहीत नसेल, पण कुठली लाली आपल्या हातातली आणि कुठली नाही, हे ती घडी उघडून ओळखत होती. कितीतरी घरांत आजही घडी उघडून बघणारं कुणी नाही, म्हणून बाळं सोललेली तुमच्यापर्यंत येतात. त्याचा दोष तेलाला देऊ नका आणि माझ्या लेखालाही देऊ नका.

उलट मी काय बघितलं आहे तेही ऐका. धाकट्याच्या वेळी एकदा आजी गावी गेलेली होती, आम्ही शहरात. घरातल्या कुणीतरी औषधाच्या दुकानात नुसतं ‘बाळाला लाली आली आहे’ सांगितलं आणि दुकानदाराने एक ट्यूब काढून दिली. ना चिठ्ठी, ना प्रश्न. एका दिवसात लाली मावळली, घरात सगळे खूश. ट्यूब थांबवली तशी लाली परत आली, पहिल्यापेक्षा भडक. मग डॉक्टरांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं: बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि त्यात जोरदार स्टिरॉइड, तिन्ही एकत्र. तान्ह्या बाळाच्या पातळ कातडीवर, त्यातही वरून डायपर घट्ट बांधलेला असताना, असं स्टिरॉइड जास्त शोषलं जातं, कातडी आणखी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी किती घरांच्या फडताळात या ट्यूबा आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. बाळावर प्रयोग कशाला म्हणायचं असेल तर मी याला म्हणेन. तुमच्या प्रतिक्रियेत याबद्दल एक अक्षर नाही. राग सगळा आवेलाच्या वाटीवर.

बाकीचं थोडक्यात. जेलवाले डायपर ओल शोषून घेतात हे खरं असेल, माझा लेख डायपरच्या विरोधात नव्हताच. नोकरीचं म्हणाल तर मीही नोकरी केलेली आहे. जिला लंगोट जमतात तिने लंगोट वापरावेत, जिला नाही जमत तिने डायपर दोन-तीन तासांनी बदलावा आणि शी झाली की लगेच. यावर आणखी बोलण्यासारखं मला काही दिसत नाही.

एका वाचक मैत्रिणीने कोरफडीबद्दल विचारलं होतं, तेवढं इथेच सांगते. कोरफडीचं पान कापलं की सालीखालून जो पिवळा चीक येतो तो कातडीला झोंबतो. पान उभं ठेवून चीक पूर्ण गळू द्या, मग आतला स्वच्छ गर धुऊन घ्या. सोललेल्या जागी तोही नकोच. खाण्याचा सोडा टबात घालून बाळाला बसवण्याचा एक सल्ला हल्ली फिरतो आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. सोडा कातडीतून शोषला जाऊन बाळाच्या रक्ताचा तोल बिघडल्याची उदाहरणं आहेत. बोरिक पावडर तर घरातून हद्दपार करा, ती तान्ह्या बाळांना विषारी आहे. आणि दुकानातलं सुगंधी खोबरेल बाळासाठी नाही.

ताई, तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. गोव्याच्या सरकारी इस्पितळांत नर्सेस किती राबतात ते मी दोन बाळंतपणांत बघितलं आहे, आणि त्यांच्यातल्याच एकीने मला पहिल्यांदा बाळ छातीला लावायला शिकवलं. ती रागावली नाही, माझ्या आईला अडाणी म्हणाली नाही. म्हणून तर तिचं ऐकलं. तुम्ही ज्या सुरात मला लिहिलंत त्याच सुरात वॉर्डात एखाद्या मुलीला ‘तुमच्या आजीला काय कळतं’ म्हणत असाल, तर ती मुलगी पुढच्या वेळी तुमच्याकडे येणार नाही. ती घरीच तेल लावत बसेल, आणि ज्या उशिराबद्दल तुम्ही चिडला आहात तो उशीर मग तुमच्यामुळे होईल. हे जरा कडक झालं असेल. तुमचं वाक्यही मऊ नव्हतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. लालीवर, बुरशीवर, औषधांवर काय लिहायचं ते लिहा, उत्तर देईन, पटलं तर लेखात दुरुस्तीही करीन, हळदीची केली तशी. पण नाव न घालता कुणाच्या घरातल्या मेलेल्या माणसांवर शेरे मारणार असाल तर त्याला मी पुन्हा उत्तर देणार नाही.

ज्या वाचकांनी भिरंडेल कुठे मिळेल असं विचारलं त्यांच्यासाठी: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलं विकणाऱ्या गाववाल्या बायकांना विचारा, मे-जूनमध्ये शक्यता जास्त. खवट वास येणारा गोळा घेऊ नका. टाचांसाठी वापरलेला गोळा बाळाला नको. लावण्याआधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला, मग बाळाच्या मांडीवर नखाएवढं लावून एक दिवस थांबा. आणि घडीत गडद लाल, कडेला ठिपके, फोड, पू, रक्त, ताप, बाळ दूध ओढत नाही, किंवा तीन दिवसांत उतार नाही, यातलं काहीही दिसलं तर गोळा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.